मध्ये आलेली माणसं

प्रिय बद्री,

‘प्रिय’ हा शब्द रिवाजापुरता समज. पत्राला कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि ‘मा. संचालक साहेब’ असं लिहायला माझा हात धजला नाही. आष्टीच्या स्टँडसमोर लागलेला तुझा फ्लेक्स पाहिला. जोडलेले हात, गॉगल, मागं हिरव्या कुरणात उभी असलेली कुठल्या तरी थंड देशातली गाय, आणि खाली ‘दुष्काळात धावून आलेलं नेतृत्व’. आपल्या छावणीतली गाय तू फोटोला घेतली नाहीस ते बरंच केलंस. तिच्या बरगड्यांपुढं तुझ्याकडं कुणाचं लक्ष गेलं नसतं.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्रात तुला तोंड घालता येणार नाही. तेव्हा बस आणि वाच. आधी मला तुला एक नियम समजावून सांगायचाय. तो मी तुला आख्खा हिवाळा समजावला. इंजिनिअरिंगची पदवी भिंतीवर लावलेल्या माणसाला तो शेवटपर्यंत कळला नाही, किंवा कळला आणि त्यानं तो सोयीपुरता वापरला. दोन्हींत जास्त वाईट कोणतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

अठरा सालचा पावसाळा कोरडा गेला, त्यानंतरची गोष्ट. दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर मी प्रयोगशाळेत होते. दूध इतकं कमी झालं होतं की सकाळचे नमुने तपासून झाले की दिवसभर रिकाम्या कॅनकडं बघत बसायचं. पुण्याच्या होस्टेलवर माझ्या रूममेटनं मला तो खेळ शिकवला होता. टेबलाभोवती बसायचं, एकानं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी जादूगार; आणि सूत्रधार सांगेल त्या जंगलात, किल्ल्यात, भुयारात शिरायचं. आपलं पात्र काय करणार ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. वीस तोंडांचा फासा तुम्ही कुणी पाहिला नव्हता. रविवारी दुपारी केंद्राच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आपण बसायला लागलो. पेंडीचं पोतं उलटं करून त्याच्या पांढऱ्या बाजूवर मी नकाशा काढायची. बाटल्यांची बुचं म्हणजे लांडगे, राक्षस आणि आपण. हायस्कूलला गणित शिकवणारे पंडित सर म्हातारे वैद्य झाले. दुधाचा टेंपो चालवणारा त्रिंबक ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढं चालणारा योद्धा झाला. आणि तू, चेअरमन मोहनरावांचा मुलगा, तू आल्या आल्या विचारलंस की एका झटक्यात सगळ्यात जास्त लोक कोण मारतं. जादूगार, मी म्हणाले. मग तोच, तू म्हणालास. बाकी काही विचारलं नाहीस.

तर तो नियम. योद्धा तलवार मारतो तेव्हा कुणाला मारायचं ते तो ठरवतो. जादूगार आगीचा गोळा टाकतो तेव्हा तो जागा ठरवतो. नकाशावर एक बिंदू दाखवायचा, त्या बिंदूभोवती ठरलेल्या अंतरात जे जे असेल ते पेटतं. मी माझी काचेची बांगडी त्या बिंदूवर ठेवायची; बांगडीच्या आत आलेलं प्रत्येक बूच आगीत. शत्रू, मित्र, बांधलेला घोडा, कडब्याची गंज. आग कोपऱ्यावरून वळून जाते, म्हणून भिंतीआड दडलेलाही सुटत नाही. डॅमेजचे, म्हणजे इजा किती ते ठरवणारे, फासे एकदाच पडतात आणि येईल तो आकडा सगळ्यांना सारखा. बचावाचा फासा मात्र ज्याचा त्यानं टाकायचा. चांगला पडला तर माणूस अंग चोरतो आणि निम्म्या डॅमेजवर निभावतो, वाईट पडला तर पुरा बसतो. चांगला पडला तरी निम्मा बसतोच, बद्री. आत सापडलेला कुणीही धड बाहेर येत नाही. दुसरेही मंत्र होते. वीज सरळ रेषेत जाते, हिमवारा सुपासारखा पसरत जातो. ते टाकायचे तर आपण कुठं उभं राहायचं, आपल्या माणसांना कुठं उभं करायचं, याचा आधी विचार करावा लागतो. ते तुला कधी आवडले नाहीत. तुला बांगडी आवडायची, कारण ती लांबून ठेवता यायची.

पहिल्याच खेळात गावाचं धान्य पळवणारे राक्षस कोठारात सापडले होते. त्यांना बाहेर कसं काढायचं याचा बेत पंडित सर सांगत होते. त्यांचं संपायच्या आत तू कोठाराच्या मधोमध बोट टेकवलंस. राक्षस मेले, कोठारही गेलं. गावकऱ्यांच्या वतीनं मी विचारलं की आता आम्ही खायचं काय. राक्षस मारायचे ठरलं होतं, ते मारले, असं तू म्हणालास, आणि इतकं मोकळं हसलास की आम्हीही हसलो. तुझं ते हसू मला तेव्हा आवडायचं. लिहून टाकते, लपवण्यासारखं त्यात आता काही उरलं नाही. रविवारी तू यायच्या आधी मी पुन्हा वेणी घालायची, आणि खोलीतली पाण्याची घागर तुझ्या बाजूला सरकवून ठेवायची. टँकरच्या त्या दिवसांत याहून मोठा लाड मला परवडत नव्हता.

जानेवारीत पुलाची लढाई झाली. आपण सगळे पलीकडं जाईपर्यंत त्रिंबकचा योद्धा पुलाच्या तोंडाशी थांबला होता, तूच त्याला थांब म्हणाला होतास. लांडग्यांनी त्याला वेढलं. एक डाव थांबा, मी त्याला दोरीनं ओढून घेतो, असं पंडित सर म्हणत होते. तू बोट ठेवलंस ते नेमकं त्रिंबकच्या बुचावर, कारण लांडगे त्याच्याभोवतीच सगळ्यात दाट होते. तो आत आहे, हे मी तुला स्पष्ट सांगितलं. त्याचा जीव मोठा आहे, निम्म्यावर निभावेल, असं तू म्हणालास. त्रिंबकचा फासा वाईट पडला. त्यानं आपलं बूच उचललं, पुसलं आणि नकाशाच्या बाहेर ठेवलं.

“तू कावून तिथंच थांबला बे? मधी आलास उगंच,” तू त्याला म्हणालास.

तुम्हीच थांब म्हणाला होतात, एवढंच तो बोलला. पुढच्या रविवारी तो नवीन योद्धा घेऊन आला आणि पुन्हा सगळ्यांच्या पुढं उभा राहिला. त्याचा स्वभावच तसा. सरांनी मात्र पुस्तक उघडून तुला दाखवलं होतं की जादूगार वरच्या पायरीवर गेला की त्याला एक कसब शिकता येतं: आगीत आपल्या माणसांपुरती रिकामी जागा सोडायची. आग तीच, तेवढीच. फक्त सोबतचे तिच्यातून सुखरूप निघतात. तू ते पान वाचलंस. वाचून तू डॅमेजचा आणखी एक फासा मागून घेतलास. ज्याचं त्यानं बघावं, हे तुझे शब्द. खेळात कोण काय निवडतं यावरून माणूस ओळखू नये, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

उन्हाळ्यात संघानं माळावर जनावरांची छावणी उघडली आणि मोहनरावांनी ती तुझ्या हाती दिली. वरच्या वाडीची जनावरं तिथं पहिल्या दिवसापासून दावणीला होती, त्यात त्रिंबकच्या आईची, कडूबाईची, म्हैस होती. त्रिंबकचे वडील आश्रुबा ऊसतोडीला गेले होते आणि कडूबाई त्या गाभण म्हशीसाठी मागं राहिली होती. ती छावणीतच राहायची, म्हशीच्या शेजारी, चार काठ्यांवर लुगडं टाकून. वरच्या वाडीचेच सुंदरराव. संघात तुमच्या विरोधी पॅनलचे. छावणीत जनावरं आहेत त्याहून जास्त दाखवली जातात, असा अर्ज त्यांनी तहसीलात केला. अर्ज खरा होता की खोटा, ते तुला चांगलं माहीत आहे, मी कशाला सांगू.

सुंदररावांना उत्तर द्यायला तुझ्याकडं शंभर वाटा होत्या. तू छावणीच्या फाटकावर पाटी लावलीस: लाळ-खुरकताच्या संशयावरून वरच्या वाडीची दावण बंद, जनावरं आजच हलवावीत. लाळ एकाही जनावराला नव्हती. डॉक्टर आले नव्हते, तपासणी झाली नव्हती. आख्खी वाडी उठवली की वाडीच सुंदररावांच्या दारात भांडायला जाईल, हा तुझा हिशोब, आणि तो तू मला मोठ्या कौतुकानं ऐकवलास. मी शाबासकी देईन असं तुला वाटलं असावं. मी तुला म्हणाले की सुंदररावांची जनावरं छावणीत नाहीतच, त्यांनी ती कधीच जावयाकडं कॅनॉलच्या पट्ट्यात पाठवलीत.  तू म्हणालास, पाटी लागली आता, काढली तर हसं होईल.

भर एप्रिलच्या उन्हात वाडीची जनावरं पाटोद्याच्या बाजूच्या दुसऱ्या छावणीकडं चालत निघाली. त्या दिवशी त्रिंबक तुझाच दुधाचा टेंपो घेऊन नगरला गेलेला. कडूबाई एकटी म्हैस हाकत होती. घाटाच्या चढावर म्हैस बसली ती उठली नाही. पोटातलं पारडूही गेलं. वाटेवरच्या माणसांनी कडूबाईला आपल्या डोक्यावरच्या घागरीतलं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी ती छावणीच्या फाटकाशी आली. मी दुधाचे नमुने घ्यायला तिथं आले होते, म्हणून मी ते पाहिलं. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

“दादा, आमी तर तुमचं काईच केलं न्हाई. मंग आमाला कावून हुसकलं?”

“मावशी, तुमच्यावर राग न्हवताच. तुमी मधी आलात,” तू म्हणालास, आणि खिशातला फोन काढून कानाला लावलास. फोन वाजला नव्हता.

तुझ्याबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते कुठं संपलं असं कुणी विचारलं, तर मला ती जागा बोट ठेवून दाखवता येईल. पाटी लावलीस तिथं राग आला होता. राग येतो आणि जातो. न वाजलेला फोन कानाला लावलेला माणूस मात्र पुन्हा मोठा दिसत नाही. तुला कुणी दुष्ट म्हटलं तर तुला ते आवडेल, त्यात थोडा दरारा आहे. तू दुष्ट नाहीस. तू आळशी आहेस. एकाला शोधून त्याच्याशी समोरासमोर भिडायचा तुला कंटाळा येतो, म्हणून तू सगळ्यांना घेतोस.

आणि पुढच्या रविवारी तू खेळायला आलास. हे मला अजून खरं वाटत नाही. नेहमीसारखा आलास, फासे खुळखुळवत. पंडित सर आले नाहीत, त्यांनी तब्येतीचा निरोप पाठवला होता. त्रिंबक आला. मला वाटलं तो तुझी गचांडी धरायला आलाय, पण तो आपल्या जागेवर बसला. तू त्याला सांगायला लागलास की बाकीची जनावरं पोचली ना, वाडीचं तसं फार नुकसान नाही झालं, तुझ्या आईला संघातर्फे काही तरी बघू. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग तो माझ्याकडं वळला आणि त्यानं सूत्रधाराला विचारतात तसा नियम विचारला.

“भामाताई, गोळा टाकणारा सोता त्या बांगडीच्या आत उभा असला, तर त्यो जळतो का?”

जळतो, मी सांगितलं. आग टाकणाऱ्याला ओळखत नाही. त्यालाही फासा टाकावा लागतो.

तू हसलास. तेच मोकळं हसू. “पण मी कवाच आत उभा ऱ्हात न्हाई.”

त्रिंबकनं मान हलवली, जणू त्याला हवं ते उत्तर मिळालं. तो उठला, टेंपोची चावी तुझ्यासमोर नकाशावर ठेवली आणि बाहेर पडला. त्याला काय झालं, असं तू मला विचारलंस. मी बुचं गोळा करायला लागले. तुला खरंच कळलं नव्हतं. तो आपला शेवटचा खेळ.

दसऱ्यानंतर त्रिंबक वडिलांबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर गेला. कडूबाईही गेली, आता मागं राहण्यासारखं तिचं काही नव्हतं. जाताना तो मला भेटून गेला. नवीन योद्ध्याचं बूच त्यानं बरोबर नेलं, तिकडं टोळीतल्या पोरांना खेळ शिकवतो म्हणाला, नियम सगळे पाठ आहेत. तुझं नाव त्यानं काढलं नाही. तुला शिव्या देण्याइतकाही त्याला तू लागत नाहीस. पंडित सरांनी तुझ्या छावणीबद्दल तहसीलदार साहेबांसमोर जबाब दिला, मीही दिला, आमच्या नावानिशी. त्याचं काय झालं ते तुझ्या फ्लेक्सवरच दिसतं: निवडणूक बिनविरोध, आणि तुझ्या फोटोच्या खाली उजव्या कोपऱ्यात सुंदरराव, फेटा बांधून. तडजोड झाली म्हणे. ज्या एका माणसासाठी तू आख्खी वाडी उन्हात काढलीस तो आता मीटिंगला तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो आणि तुम्ही एकमेकांना चहा पुढं करता. मी तुमच्या बैठकीत नमुन्यांचा अहवाल द्यायला आले होते तेव्हा पाहिलं. तू त्यांच्या कपात साखर घालून दिलीस. माझ्या अंगावर काटा आला असता, पण खरं सांगते, मला जांभई आली.

आता हे पत्र का. परवा तुझी आई आमच्या घरी आली होती. गीताकाकू चांगल्या आहेत. आईसाठी त्यांनी घरचं तूप आणलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बद्रीच्या मनात तूच आहेस म्हणाल्या. मग जाताना, तू पढवून पाठवलेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं, अर्थ न कळता सांगितलं: होकार आला तर राधाकिशनभाऊंची, म्हणजे माझ्या बाबांची, संघातली नोकरी, धाकट्या भावाचं कायम होणं, सगळं घरचंच होईल, आणि नकार आला तर बद्रीचा स्वभाव तुम्हाला माहीत हाय. म्हणजे मला मागणी घालतानाही तुला मी एकटी दिसले नाही. बाबा दिसले, भाऊ दिसला, आमची चूल दिसली. माझं उत्तर नाही असं आहे. हे मी आधी बाबांना सांगितलं. ते दूध मोजून आले होते, पाय धूत होते. पाय धुऊन झाल्यावर म्हणाले, “मंग मी बी सोडतो, बाई. दूध कुठंबी मोजता येतं.” त्यांचा राजीनामा माझ्या राजीनाम्याबरोबर आज सकाळी संघात गेला. भावानं नगरला काम बघितलंय. तेव्हा आमच्या घरात आता तुझ्या हाताला लागेल असं काही नाही. गीताकाकूंना मी काहीच कळवलेलं नाही. त्यांनी माझं कधी वाईट केलं नाही आणि हा नकार त्यांचा नाही. तो तुझा आहे, तुझ्या एकट्याचा, म्हणून पाकिटावर तुझंच नाव घातलंय. त्यांना तूच सांग. त्या विचारतील, पोरगी नाही का म्हणाली. तेव्हा फोन खिशात राहू दे आणि त्यांना पुरं उत्तर दे.

तुझी न झालेली,
सत्यभामा